कुसुमाअक्काला वाचून दाखवताना

दुबईत अल मनखूलच्या त्या घरात बेडरूम दोन होत्या, पण आमच्या वाट्याला एकच यायची. दुसरी बाबांनी कायम कुणाला तरी राहायला दिलेली असे, आणि मी व माझा धाकटा भाऊ हॉलमध्ये सोफ्यापुढे गादी टाकून झोपायचो. जागा रिकामी झाली की आई इंग्रजीत चिठ्ठी लिहून खालच्या ग्रोसरीच्या काचेवर चिकटवायची: फक्त नोकरी करणारी बाई, शांत कुटुंब, स्वयंपाकाला परवानगी. स्वयंपाकाच्या परवानगीचा आईला अभिमान होता. बाकीच्या घरांत भाडेकरूंना चहासुद्धा स्वतःच्या खोलीत इलेक्ट्रिक किटलीवर करावा लागे. आमच्याकडे आधी एक मल्याळी नर्स राहून गेली, मग गोव्याची एक टायपिस्ट. मी दहावीत गेले त्या उन्हाळ्यात श्रीलंकेची कुसुमा आली. हॉटेलचा ड्रायव्हर तिला घेऊन आला होता. चाळिशी ओलांडलेली, सावळी, ताठ पाठीची बाई. दारात चपला काढताना तिने भिंतीला हात टेकला नाही, हे आईने लगेच हेरलं. ती एका मोठ्या हॉटेलच्या लिनन रूममध्ये सुपरवायझर होती. चादरी, टॉवेल आणि वेटर लोकांच्या कोटांची तुटलेली बटणं, असं तिचं खातं.

आई तिला कुसुमताई म्हणू लागली, पण ते चार दिवसच टिकलं. सिंहली भाषेत मोठ्या बहिणीला अक्काच म्हणतात असं कळल्यावर आईला इतका आनंद झाला, जणू माहेरचंच कुणी सापडलं. आई मूळची वेंगुर्ल्याची. शेजारच्या मराठी बायका पुण्याच्या, त्यांना सुक्या मासळीचा वास चालत नसे, त्यामुळे आमच्याकडे सुका बांगडा भाजायचा तर खिडक्या लावून, एसी बंद करून, घामाघूम होत भाजावा लागे. अक्काच्या बॅगेतून लाकडासारखा कडक वाळवलेला मासा निघाला. त्याचे तुकडे, खोबरं, लाल मिरची आणि लिंबू असं ती दगडी खलात कुटायची. आईने ते चाखलं आणि म्हणाली, “अहो, ही तर आपली किसमूर!” त्या दिवसापासून स्वयंपाकघराची वाटणी संपली. शुक्रवारी, सुट्टीच्या सकाळी, दोघी ओट्याशी उभ्या राहून एकमेकींच्या नारळ खवण्याला नावं ठेवायच्या. अक्काचं हिंदी दुबईतल्या टॅक्सीत आणि दुकानात शिकलेलं, त्यात बाई-पुरुष असा भेद नव्हता. कुणी काही सांगितलं की ती मान हलवून “हरी, हरी” म्हणायची. बाई फार देवभोळी आहे, असं आईने बाबांना कौतुकाने सांगितलं होतं. त्याचा अर्थ ‘बरं, ठीक आहे’ एवढाच आहे, हे समजायला महिना गेला. माझ्या भावाला तिचं काही पडलेलं नव्हतं. आई म्हणाली, अक्काला पाणी नेऊन दे, तर तो टीव्हीवरून नजर न काढता “व्हाय मी?” म्हणायचा.

अक्काला पत्रं येत नसत, कॅसेटी येत. तिकडे गावाला तिची धाकटी बहीण आणि म्हातारी आई होती. बहीण दोन महिन्यांनी एखादी कॅसेट बोलून, भरून, कुणाबरोबर तरी पाठवायची. दुपारच्या वेळी अक्काच्या बंद दारामागून तो आवाज यायचा. भरभर बोलणारी एक बाई, मध्येच कोंबडं, मध्येच खोकला, कुणीतरी लांबून हाक मारतंय. अक्का उत्तरादाखल दुसरी कॅसेट भरायची. आम्हाला ती पद्धत फार आवडली. माझी आई तर म्हणायची, पत्रापेक्षा हे बरं, माणूस घरात आल्यासारखं वाटतं.

ती कोण होती ते आम्हाला प्रेमावतीकडून कळलं. प्रेमावती तिसऱ्या मजल्यावरच्या लेबनानी कुटुंबाकडे घरकामाला होती, तीही श्रीलंकेचीच. एका संध्याकाळी मी आणि अक्का लिफ्टमध्ये होतो. तिसऱ्या मजल्यावर दार उघडलं, समोर खुबूसच्या रोट्यांची पिशवी घेतलेली प्रेमावती. तिने अक्काकडे पाहिलं, पिशवी खाली ठेवली आणि चक्क गुडघ्यांवर बसून अक्काच्या पायांवर डोकं टेकवलं. लिफ्टचं दार तिच्या अंगावर मिटू लागलं तेव्हा मी बटण दाबून धरलं. अक्काने तिला उठवलं, तिच्या गालाला हात लावला, काहीतरी बोलली. नंतर प्रेमावती मला जिन्यात गाठून सांगू लागली, “बेबी, तुमको मालूम नहीं? बिग अ‍ॅक्ट्रेस! फिल्म में ये मर गया, मेरा अम्मा दो दिन खाना नहीं खाया.” मग तिने बोटांवर मोजून दाखवले, सिनेमे अकरा. नाटकांची मोजदाद तिला येत नव्हती.

बाबांना आधी पटेना. अकरा सिनेमांत काम केलेली बाई आमच्या बाथरूमबाहेर टॉवेल घेऊन रांगेत का उभी राहील? पण जेवताना आईने विचारलं तेव्हा अक्काने सगळं सरळ सांगितलं, जसं एखाद्या जुन्या नोकरीबद्दल सांगावं. तिचे वडील गावात ढोल वाजवायचे. ती नऊ वर्षांची असताना गावात एक फिरती नाटक कंपनी आली. त्यांच्याकडची लहान मुलगी तापाने आजारी पडली, म्हणून एका रात्रीपुरतं हिला उभं केलं. कंपनी गावातून गेली ती हिला घेऊनच. एकोणिसाव्या वर्षी ती नायिका झाली. कंपनीतल्याच नंदसेन नावाच्या माणसाशी लग्न केलं, तो पडद्यामागे बसून नटांना वाक्यं सांगायचा. मग सिनेमे आले. पुढे तिकडचे दिवस वाईट आले, लोक संध्याकाळी घराबाहेर पडेनात, थिएटरांना कुलपं लागली. त्यातच नंदसेन छातीच्या दुखण्याने गेला. “फिर काम नहीं किया,” अक्का म्हणाली आणि आमटीचं भांडं पुढे ओढलं. का नाही केलं, हे कुणी विचारलं नाही. नवरा गेला म्हणून, असंच आम्ही धरून चाललो.

प्रेमावतीने बातमी स्वतःजवळ ठेवणं शक्यच नव्हतं. महिन्याभरात इथल्या सिंहली मंडळींपैकी एक गृहस्थ घरी आले. ॲल्बर्ट सर. दिवसा एका शिपिंग ऑफिसात काम करायचे आणि वर्षातून एकदा, त्यांच्या एप्रिलमधल्या नव्या वर्षाला, एखादं नाटक बसवायचे. ते सोफ्याच्या अगदी कडेवर बसले. अक्काचं सगळ्यात गाजलेलं नाटक त्यांना करायचं होतं. राजवाड्यात दाई म्हणून गेलेल्या एका कुंभारणीची ती गोष्ट होती. स्वतःचं तान्हं मूल बहिणीपाशी ठेवून ती राजाच्या मुलाला पाजायला जाते. ॲल्बर्ट सरांनी संहितेचा जाड गठ्ठा दोन्ही हातांनी पुढे केला. अक्काने तो घेतला, कपाळाला लावला, “हरी” म्हणाली. तो गठ्ठा तिने कपाटावर ठेवला, आणि पुढचे दोन आठवडे तो तिथून हलला नाही.

मग एका शुक्रवारी दुपारी, आई-बाबा आडवे झालेले असताना, तिने मला खोलीत बोलावलं. दार लावून घेतलं. “दुवे,” ती मला मुलगी म्हणायची, “तुम कितना लँग्वेज पढता?” मी सांगितलं: मराठी, हिंदी, इंग्लिश, शाळेतलं थोडं अरबी. “एक और सीखेगा?” मला वाटलं ती गंमत करतेय. तिने गठ्ठा माझ्या मांडीवर ठेवला. पानभर गोल गोल अक्षरं, जिलब्यांचे घाणे काढल्यासारखी. “ये मैं नहीं पढ सकता,” ती म्हणाली. “कभी नहीं पढा. नंदसेन पढता था, मैं सुनता था. नंदसेन गया, रीडिंग खलास.”

नऊ वर्षांची असताना शाळेतून उचललेली मुलगी. त्याआधीही ती शाळेत कमी आणि धाकट्या भावंडांमागे जास्त असायची. पुढे कंपनीत सगळ्यांना वाटलं, हिला वाचता येत असेलच. आणि येत नाही हे सांगायची वेळ एकदा निघून गेली की मग ते सांगता येत नाही. तिच्या देशात खेड्यापाड्यातली पोरंसुद्धा वाचतात, असं ती म्हणाली, त्यामुळे लाज दुप्पट. सिनेमाच्या सेटवर कुणी हातात कागद दिला की डोकं दुखतंय म्हणून ती मेकअपच्या खोलीत जायची, आणि नंदसेन तिथे तिला वाचून दाखवायचा. एकदा ऐकलं की पुरे. प्रत्येक सिनेमात नवऱ्याला काहीतरी काम द्या, अशी तिची अट असायची. लोक म्हणायचे, नवरा संशयी आहे, बायकोला एकटं सोडत नाही. “हम बोलने दिया,” अक्का म्हणाली. सही मात्र तिला येत होती. चाहत्यांना देण्यासाठी नंदसेनने ती चित्रासारखी तिच्याकडून गिरवून घेतली होती. मी विचारलं, प्रेमावतीला का नाही सांगत वाचायला? तिला तर वाचता येतं. अक्काने माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की मला माझाच प्रश्न बावळट वाटला. लिफ्टमध्ये पाया पडलेल्या बाईला हे कसं सांगणार?

म्हणून मी शिकले. प्रेमावतीला सांगितलं की मला उगाच आवड आहे. तिने माझ्या गणिताच्या वहीच्या मागच्या पानांवर अक्षरं काढून दिली आणि मी प्रत्येकाशेजारी देवनागरी लिहिलं. आश्चर्य म्हणजे क्रम आपलाच, क ख ग घ ङ, काना-मात्राही तशाच धर्तीवर. तीन आठवड्यांत मी अडखळत वाचू लागले. दहावीचं वर्ष होतं, आई ओरडायची, पण अक्का माझ्याकडून अभ्यास करून घेते अशी तिची समजूत आम्ही करून दिली होती. रोज संध्याकाळी तासभर ती पलंगावर पाय दुमडून, डोळे मिटून बसायची आणि मी वाचायचे. मला अक्षरं येत होती, अर्थ येत नव्हता. माझा उच्चार चुकला की ती न रागावता तोच शब्द बरोबर म्हणायची आणि पुढे बोट दाखवायची. एका पानाला दोनदा ऐकणं पुरायचं. तिसऱ्यांदा ती बोलायची आणि मी कागदावर पडताळायचे. मी आयुष्यात पुढे खूप हुशार माणसं पाहिली, बँकेत तर आकडे तोंडपाठ असणारी रगड पाहिली, पण तसं ऐकणारं माणूस पुन्हा पाहिलं नाही.

तालमी एका शाळेच्या वर्गात व्हायच्या, गुरुवारी संध्याकाळी. अक्का मला बरोबर न्यायची. तिथे पंधरावीस माणसं असत, ड्रायव्हर, क्लार्क, दोन-तीन घरकाम करणाऱ्या बायका. मध्यंतरात चहा आणि तांदळाच्या पिठाचं चक्राच्या आकाराचं कुरकुरीत तळण मिळायचं. एकदा ॲल्बर्ट सर चष्मा विसरून आले आणि वैतागून म्हणाले, आता हे पान कोण वाचणार? मी हात वर केला. आजही सांगताना माझे कान तापतात. मी उभी राहिले आणि आख्खं पान धडाधड वाचून दाखवलं. आधी सगळे थक्क, मग टाळ्या. “इंडियन गर्ल! हाउ डिड यू लर्न? व्हाय?” कुणीतरी विचारलं. टाळ्यांनी मी फुगले होते. “बिकॉज अक्का कान्ट रीड,” मी म्हणाले. “आय रीड एव्हरीथिंग टू हर.”

इंग्रजी तिथे सगळ्यांना कळत होतं. एका बाईच्या हातातला कप तसाच थांबला. अक्का खिडकीपाशी उभी होती. तिने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. ॲल्बर्ट सरांनी दोनदा घसा साफ केला आणि पुढचा प्रवेश घ्यायला सांगितलं, आणि अक्काने तो प्रवेश एकही शब्द न चुकता केला. बसमधून परत येताना ती खिडकीबाहेर बघत होती. घरी आल्यावर तिने दार लावून घेतलं.

चार दिवसांत ती गोष्ट सगळीकडे झाली. प्रेमावतीने जिन्यात मला थांबवलं, “बेबी, सच बात?” मी वर पळाले. शेवटी मी आईला सांगितलं. आईने मारलं नाही, पण मारलं असतं तर बरं झालं असतं. “तिने तुझ्यापाशी ठेवायला दिलेलं तू चारचौघांत वाटून आलीस,” ती म्हणाली. “जा, माफी माग तिची.” मी अक्काच्या दारात जाऊन उभी राहिले. तोंड उघडलं, शब्द येईना, नुसतं रडू आलं. अक्का साडीला इस्त्री करत होती. “हरी, हरी,” ती म्हणाली, इस्त्री न थांबवता. मला वाटलं, मिटलं. दोन दिवसांनी तिने ॲल्बर्ट सरांना कळवलं की प्रयोगाला बेबी पूर्ण संहिता घेऊन पडद्यामागे बसेल. म्हणजे मिटलंच, असं मी ठरवून टाकलं.

प्रयोग शुक्रवारी दुपारी तीनला होता, कारण घरकामाच्या बायकांना सुट्टी मिळालीच तर तेव्हाच मिळायची. शाळेचा हॉल खचाखच भरला. मुहैस्नाहच्या कामगार कॅम्पमधून पुरुष दोन बस भरून आले होते, केसांना तेल लावून, शर्टाची वरची बटणंसुद्धा लावून. आई-बाबा दुसऱ्या रांगेत बसले होते, एक शब्द कळत नसताना. मी उजव्या विंगेत स्टुलावर, मांडीवर गठ्ठा. पहिला अंक मी श्वास रोखून बघितला. रोज आमच्या घरात मिरच्या कुटणारी बाई ही नव्हतीच. तिने राजाच्या मुलाला, म्हणजे एका कापडाच्या गुंडाळीला, छातीशी धरलं तेव्हा पुढच्या रांगेतल्या बायकांनी पदर तोंडाला लावले.

दुसऱ्या अंकात घरून पत्र येतं. दाई ते उघडून वाचते, असं नाटकात होतं. इतकी वर्षं अक्का कोरा कागद धरून ते पाठ म्हणत आली होती. तिने कागद उघडला, आणि मागच्या रांगांतून कुणीतरी फिसकन हसलं. मग आणखी कुणी. सगळ्यांना माहीत झालेलं होतं ना. अक्का थांबली. हसणं विरेपर्यंत थांबली. मग तिने कागद उलटा केला, सुलटा केला, आणि प्रेक्षकांकडे बघून, माझ्या गठ्ठ्यात कुठेही नसलेलं एक वाक्य म्हणाली: “मट अकुरु कियवन्न बॅ.” मला अक्षरं वाचता येत नाहीत. ती हळूहळू चालत माझ्या विंगेकडे आली, शेजारणीच्या दाराशी यावं तशी, आणि तो कोरा कागद पडद्याआड माझ्यापुढे धरला. वाच, असं म्हणाली.

मी गठ्ठ्यातलं पान शोधलं. मग मी वाचायला लागले, मोठ्याने, माझ्या त्या मराठी वळणाच्या सिंहलीत. पत्रात काय आहे ते तिने मला कधीच समजावून सांगितलं होतं. बहिणीने लिहिलंय: मूल आता चालतं. मला अम्मा म्हणतं. तू आलीस तर तुला ओळखणार नाही, घाबरेल. अजून काही दिवस येऊ नकोस. दोनदा मी अडखळले. दुसऱ्यांदा ‘अम्मा’ या शब्दावर, जो वाचायला सगळ्यात सोपा होता. अक्का विंगेला टेकून, डोळे मिटून ऐकत होती, आमच्या घरी पलंगावर बसून ऐकायची तशीच. मी संपवलं तेव्हा हॉलमध्ये बायका रडत होत्या, दबून नव्हे, मोकळ्याने. त्यांच्यातल्या कितीजणींची मुलं तिकडे बहिणींना अम्मा म्हणत होती, हे मला तेव्हा पुरतं उमगलं नव्हतं. आता स्वतःची मुलं मोठी केल्यावर तो आवाज आठवला की मी हातातलं काम थांबवते.

त्या प्रयोगाची व्हिडिओ कॅसेट ॲल्बर्ट सरांनी कोलंबोला कुणाला तरी पाठवली. वर्षभराने तिकडून बोलावणं आलं, टीव्हीवरच्या मालिकेत सासूचं काम. अक्का गेली. जाताना आईला तिने आपला दगडी खल दिला, आईने तिला नऊवारी. पुढे प्रेमावती सिंहली ग्रोसरीतून मालिकांच्या कॅसेटी आणायची आणि मला बोलावून दाखवायची. सासू, मग आजी, मग मठातली म्हातारी भिक्षुणी. पेपरात मुलाखत आली होती, त्यात अक्काने स्वतःच सांगितलं होतं की मला वाचता येत नाही, माझ्यासाठी एक मुलगी वाचते. त्या वाक्याने तिचं काही बिघडलं नाही. काम वाढलंच.

ती परत भेटली तेव्हा मी बँकेत नोकरीला लागले होते. ती तिकडच्या नटमंडळींबरोबर एका कार्यक्रमासाठी दुबईत आली होती. मी मेकअपच्या खोलीत गेले. केस पूर्ण पांढरे, पाठ तशीच ताठ. तिने मला जवळ बसवून घेतलं, आईची चौकशी केली, भावाची केली, तो अजूनही “व्हाय मी” म्हणतो का विचारलं. मग मी धीर करून म्हणाले, “अक्का, त्या दिवशी तुम्ही पत्र माझ्याकडे दिलंत ना, तेव्हाच मला कळलं की तुम्ही मला माफ केलंत.” हे सगळं मी हिंदीत सांगितलं, बरेच दिवस मनात घोळवलेलं असल्यामुळे जरा जास्तच गोड शब्दांत.

अक्का हसायला लागली. “माफ? नहीं, दुवे. मैं बहुत गुस्सा था. आठ दिन सोचा. सब लोग मेरेको देखके हँसेगा, तो तुम भी एक बार सबके सामने पढो. डरो. रोओ. लेटर मेरेको पूरा याद था, तुम नहीं पढता तो मैं बोल देता.”

इतकी वर्षं मी ती गोष्ट लोकांना क्षमेची म्हणून सांगत आले होते, नवऱ्यालासुद्धा लग्नाआधी तशीच सांगितली होती.

“और फिर?” मी विचारलं.

“फिर तुम पढा. इतना खराब सिंहला!” तिने माझा हात दाबला. “मैं सुनता रहा, और गुस्सा इधर-उधर देखा, मिला नहीं.”

बाहेरून कुणीतरी तिला हाक मारली. ती उठू लागली तशी मी तिचा पदर धरला. दारात रडत उभी राहिले होते त्या दिवशी जे तोंडातून निघालं नव्हतं, ते तेव्हा म्हणाले. “सॉरी, अक्का. मी ते सांगायला नको होतं.”

ती थांबली. आरशात बघून कपाळावरची एक बट मागे सारली. “हां,” ती म्हणाली. “ये उसी टाइम बोलना था.” आणि स्टेजकडे निघून गेली.